लाल आलवणातली ताईआत्या

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या आजीच्या माहेरी, वाड्याच्या माजघरात, ताईआत्या नावाची एक वृद्ध विधवा राहत असे. वपन केलेले डोके लाल आलवणाच्या पदराखाली झाकून ती पहाटेपासून सोवळ्यात वावरे, पाणी भरी, सांडगे-पापड करी, आणि घरात मंगलकार्य निघाले की कोणी न सांगताच मागच्या खोलीत जाऊन बसे. आजीने तिला जन्मापासून पाहिले होते. तरीही ही बाई कधीकाळी मुलगी असेल, सागरगोटे खेळली असेल, आईच्या मांडीवर डोके ठेवून झोपली असेल, असा विचार वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत आपल्या मनाला शिवला नव्हता, असे आजी मला सांगे. तो विचार तिच्या मनात आला एक कादंबरी वाचताना.

ती कादंबरी म्हणजे हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?'. १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून ती क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा आपट्यांचे वय २६ वर्षांचे होते. यमू ही मुलगी आपले बालपण, सासर, नवऱ्याबरोबर मुंबईत मिळालेले थोडे सुखाचे दिवस, त्याचा मृत्यू आणि त्यानंतर बळजबरीने झालेले केशवपन स्वतःच्या तोंडाने सांगते. यमू कधीच अस्तित्वात नव्हती. एका तरुण पुरुषाने तिचा आवाज कल्पिला होता. आणि तरीही शेजारच्या खोलीत वर्षानुवर्षे बसलेली खरी बाई माझ्या आजीला दिसली ती या खोट्या बाईमुळे. कल्पित कथा सत्याचे आणि समाजाचे आपले भान कसे घडवते, हा आजचा विषय मला या एका उदाहरणावरून मांडावासा वाटतो.

विधवांची स्थिती तोवर कोणाला ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला. पुढच्याच वर्षी बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' आले, ज्याला मराठीतली पहिली कादंबरी मानण्याचा प्रघात आहे. त्याचे उपशीर्षकच मुळी 'हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण' असे आहे. पतीसह प्रवासाला निघालेल्या यमुनेला ठिकठिकाणी विधवा भेटतात, त्यांच्या कहाण्या ती ऐकते, पुढे स्वतः विधवा होते, आणि अखेरीस ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. पदमनजींची तळमळ निःसंशय खरी होती, परंतु ती कादंबरी वाचताना समोर वकील उभा आहे आणि एकामागून एक साक्षीदार पुढे आणतो आहे, असे सारखे वाटत राहते. वाचकाला बाजू पटते, पण कोणाची पावले ऐकू येत नाहीत. आपट्यांनी मात्र बाजू मांडण्याची घाई केली नाही. यमूच्या भातुकलीपासून, दादाशी होणाऱ्या भांडणांपासून आणि मैत्रीण दुर्गीशी चालणाऱ्या कुजबुजीपासून त्यांनी सुरुवात केली, त्यामुळे वस्तरा फिरतो तेव्हा तो 'विधवा' नावाच्या एका प्रश्नावर फिरत नाही. तो आपण लहानपणापासून ओळखत असलेल्या मुलीच्या केसांवर फिरतो. कायद्याला वा निबंधाला न साधणारे हे काम कथा करते, आणि ते ती माहिती देऊन करत नाही. माहिती आजीच्या डोळ्यांसमोर रोज हजर होतीच.

ताराबाई शिंदे यांनी १८८२ सालच्या 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकात आपल्या काळातल्या नाटक-कादंबऱ्यांचाही समाचार घेतला होता, तो उगाच नव्हे. बायकांविषयी पुरुष जे लिहितात तेच लोक खरे मानून चालतात, हे त्यांनी ओळखले होते. पुढे रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. म्हणजे मराठी स्त्रीने छापील पानावर स्वतःचे आयुष्य स्वतः सांगण्याच्या बरेच आधी, एका पुरुषाने रचलेले यमूचे कल्पित आत्मकथन घरोघरी पोहोचले होते. १९०१ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानातल्या शंभर स्त्रियांमध्ये एकही साक्षर भरत नव्हती. तेव्हा यमूचे पहिले वाचक बहुतांशी यमूच्या घरातले पुरुषच असणार, याची मला नेहमी गंमतही वाटते आणि थोडी अस्वस्थताही.

अस्वस्थतेला आणखी एक कारण आहे. यमूचे जग पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा ब्राह्मण घरांचे आहे. ज्या अनेक जातींमध्ये पाट किंवा मोहतूर लावण्याची, म्हणजे विधवेच्या पुनर्विवाहाची, रीत पूर्वापार चालत होती, त्यांच्या घरांत ही कादंबरी शिरत नाही आणि वस्तरा धरणाऱ्याच्या घरात तर नाहीच. योगायोग असा, की ज्या वर्षी 'करमणूक' सुरू झाले त्याच १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा निश्चय केला. हे किती जणांना आठवते? यमू मात्र आपल्या स्मरणात अशी ठसली, की 'त्या काळची मराठी स्त्री' म्हटले की तीच डोळ्यांपुढे उभी राहते. कथा ज्यांच्यावर प्रकाश टाकते, त्यांच्याशेजारची माणसे त्याच प्रकाशामुळे अधिक अंधारात जातात. हा दोष लेखकापेक्षा वाचकाचा अधिक आहे, कारण एका घराची गोष्ट साऱ्या समाजाची मानून आपणच पुस्तक मिटतो.

याहून अवघड गोष्ट मला थेऊरला उमगली. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी तिथे वारले. त्यांचे वय अवघे २७ होते. रमाबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या. नदीकाठच्या त्यांच्या वृंदावनापाशी मी उभा असताना एक गृहस्थ आपल्या मुलाला शेवटच्या रात्रीचे माधवराव-रमाबाईंचे बोलणे शब्दन् शब्द सांगत होते. स्वर असा, की जणू ते दाराआड उभे राहून ऐकून आले आहेत. तो संवाद १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या रणजित देसाई यांच्या 'स्वामी' कादंबरीच्या वळणाचा होता. त्या गृहस्थांना हसण्याचा मला अधिकार नाही. कादंबरीचा शेवट रमाबाईंच्या सहगमनाने होतो आणि तो वाचताना विशीत माझेही डोळे भरून आले होते. रमाबाईंच्या मनात त्या दिवशी काय होते, हे सांगणारा त्यांच्या हातचा कागद आपल्यापाशी नाही, आणि ती रिकामी जागा भरण्याचा कादंबरीकाराला पूर्ण हक्क आहे. परंतु ती जागा प्रेमाने इतकी काठोकाठ भरली गेली, की एक तरुण स्त्री जिवंत जळाली, ही साधी गोष्ट आपल्या लक्षातून निसटली. मागे राहिली असती तर तिच्या वाट्याला काय आले असते, हा प्रश्न विचारायला आपण विसरलो. उत्तर तर यमूने आधीच देऊन ठेवले होते. एकाच भाषेतल्या दोन पुस्तकांपैकी एकाने आपल्याला विधवेचे जगणे दाखवले आणि दुसऱ्याने तिचे मरण सुंदर केले. आपण दोन्ही सारख्याच श्रद्धेने खरे मानले.

म्हणून 'हे खरेच घडले का?' एवढाच प्रश्न कथेला विचारणे मला अपुरे वाटते. यमूच्या बाबतीत त्याचे उत्तर 'नाही' असे आहे, माधवरावांच्या बाबतीत बरेचसे 'होय' असे आहे, आणि तरीही खऱ्याच्या अधिक जवळ मला यमू वाटते.

आता पुन्हा माजघराकडे वळतो. ताईआत्याला वाचता येत नव्हते. दुपारी निजानीज झाली, की आजी तिला ती कादंबरी वाचून दाखवू लागली. ताईआत्या सुपात तांदूळ निवडत ऐके आणि 'हूं' म्हणण्यापलीकडे काही बोलत नसे. केशवपनाचा प्रसंग आला तेव्हा आजीचा आवाज अडखळला आणि ती थांबली. सुपातला हात न थांबवता ताईआत्या म्हणाली, "आमच्याकडं असं नव्हतं हो. कुणी धरलं नाही, ओढलं नाही. न्हावी पहाटेचा मागच्या दारानं आला नि मीच जाऊन पाटावर बसले. अकरावं सरत होतं मला. थंडीचे दिवस होते, आणि मला एवढंच वाटलं, की पाणी तरी ऊन द्यायचं होतं."

तोवर तिने हे कोणालाही सांगितले नव्हते, आणि कोणी विचारलेही नव्हते. मग सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "पुढं काय झालं त्या पोरीचं? वाच."