सील गेलं, पण का गेलं?

(दृश्य: कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. गॅरेजच्या दारात उभी जुनी जीप. मागच्या धुऱ्याखाली पुठ्ठा, पुठ्ठ्यावर काळपट डाग.)

कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर धावणारी ही जीप. इंजिन पुढे, पण जोर मागच्या चाकांवर. लांब प्रोपेलर शाफ्ट फिरत मागे येतो आणि धुऱ्याच्या मधल्या लोखंडी गोळ्यात ते फिरणं काटकोनात वळून दोन्ही चाकांना वाटलं जातं. घाटाच्या वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या वेगानं फिरू देणारी दातेरी चाकांची ही जुळणी म्हणजे डिफरन्शियल.

डागावर बोट टेकवून मिस्त्री आधी वास घेतात. गंधकाचा उग्र दर्प. इंजिन ऑइलला असा वास येत नाही. हे ‘नव्वद नंबर’ गिअर ऑइल. डब्यावर ८०डब्ल्यू-९० हा दाटपणा आणि जीएल-५ ही प्रत छापलेली असते. गंधक त्यात मुद्दाम घातलेलं आहे. इथला पिनियन, म्हणजे शाफ्टकडचं लहान दातेरी चाक, क्राऊनच्या, म्हणजे तो फिरवतो त्या मोठ्या चाकाच्या, मध्यरेषेवर नसतो, जरा खाली बसवलेला असतो. त्यामुळे दाते नुसते एकमेकांवर टेकत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. १९२० च्या दशकात ही हायपॉइड रचना मोटारींमध्ये आली. शाफ्ट खाली गेला, गाडीचा मजलाही खाली आणता आला, पण साधं तेल त्या दाबाला टिकेना. म्हणून ही दर्पाची औषधं.

फिरत्या भागाभोवती तेल अडवून धरणारी रबरी ओठाची कडी म्हणजे सील. जीपचा मालक वैतागलेला आहे.

“मिस्त्री, मागच्या सालीच सील बदललंय की!”

“बदललं असंल भावा. पण ते का गेलं, हे बघितलं का कुणी?”

(दृश्य: डिझेल आणि ब्रशनं धुतला जाणारा गोळा.)

तेल वाऱ्यानं मागे उडतं आणि सगळीकडे पसरतं. ओलं दिसेल तिथूनच गळतंय असं धरून चालत नाही. मिस्त्री गोळा धुऊन कोरडा करतात, त्यावर टाल्कम पावडर उधळतात आणि मालकाला कळंब्यापर्यंत चक्कर मारून यायला सांगतात. परत आल्यावर पावडरीवर एकच ओघळ दिसतो, तो पिनियनच्या तोंडाशी, शाफ्ट गोळ्याला जोडतो तिथे. चाकांकडची सीलं कोरडी आहेत, हे बरं. तिथून गळती असती तर तेल ड्रममध्ये, ब्रेक लायनरवर गेलं असतं. तशी गाडी घाटात घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

पण मिस्त्री पिनियनला हातच लावत नाहीत. धुऱ्याच्या माथ्यावरची बोटाच्या पेराएवढी एक टोपी ते खोलतात. हा ब्रीदर. गाडी चालली की गोळा तापतो, आतली हवा फुगते आणि इथून बाहेर पडते. या ब्रीदरमध्ये चिखल वाळून दगड झालाय. हवेला वाट नाही, मग ती तेलाला सीलच्या ओठातून बाहेर रेटते. असल्या गाडीला सोन्याचं सील घातलं तरी ते गळणार.

उलटंही घडतं. तापलेला गोळा ओढ्याच्या पाण्यात शिरला की झटकन थंड होतो, आतली हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी ओढून घेते. तेल दुधाळ झालेलं दिसलं तर समजावं, पाणी आत गेलंय.

(दृश्य: चासीखाली लोखंडी घोड्या. मागची चाकं आणि ड्रम काढलेले.)

आता काम. तेल सोडण्याआधी भरायचा नट उघडून बघायचा. आधी तेल सोडलं आणि मग वरचा नट जाम निघाला, तर गाडी रिकाम्या गोळ्यानिशी तिथेच अडकते. शाफ्ट आणि फ्लँज, म्हणजे शाफ्ट जिला जोडतात ती पिनियनच्या टोकाची चकती, यांच्यावर पंचानं खूण करायची, म्हणजे बॅलन्स बिघडत नाही.

पुढचा भाग घाईचा नाही. या गोळ्यात पिनियनच्या दोन बेरिंगांच्या मध्ये चेपत जाणारी एक नळी आहे, क्रश स्लीव्ह. पिनियनचा नट जास्त आवळला की नळी जास्त चेपते, बेरिंग जखडतं, क्राऊन वाजू लागतो आणि शंभरेक रुपयांच्या सीलपायी अख्खा गोळा खोलावा लागतो. म्हणून नट काढण्याआधीच मिस्त्री फ्लँजवर दोरी गुंडाळतात, तिला स्प्रिंगकाटा लावून सावकाश ओढतात आणि पिनियन फिरताना काट्यानं दाखवलेला आकडा भिंतीवर खडूनं लिहितात. एअर गननं एका झटक्यात नट बसवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे गाडी देऊ नये, एवढंच मी म्हणेन.

जुनं सील निघालं. फ्लँजवर, सीलचा ओठ फिरतो तिथे, नखाला लागेल अशी चरी पडली आहे. पॉलिश पेपरनं ती जात नाही. उद्यमनगरात लेथ शोधायला लांब जावं लागत नाही; फ्लँज तिथे जाऊन चरीवर धातूची पातळ बाही चढवून येतो. नवं सील स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवून, ओठाला ग्रीस लावून सरळ ठोकलं जातं. नट थोडा थोडा आवळत, दर वेळी दोरी ओढत, काटा भिंतीवरच्या आकड्याच्या किंचित पुढे येईपर्यंत.

सपाट जागेवर नवं तेल, भरायच्या भोकाच्या खालच्या कडेला लागेपर्यंतच. ब्रीदरच्या जागी रबरी नळी, तिचं तोंड चासीवर उंच बांधलेलं.

पुन्हा पावडर, आणि या वेळी थेट गगनबावडा. संध्याकाळी जीप परत येते. पिनियन कोरडा, पण तेल सोडायच्या खालच्या नटाभोवती ओल आहे. मालकाचा चेहरा पडतो. मिस्त्री वॉशर बघतात, जुनाच चढवला गेलाय. खाली परात, तांब्याचा नवा वॉशर, नट बसला, सांडलं तेवढं तेल वरून भरलं.

“आता न्या.”