अगस्त्याच्या शेजारी

[हिवाळी रात्र, सह्याद्रीचं पठार, दक्षिण क्षितिज]

हा ठळक तारा अगस्त्य, ओळखीचा. त्याच्या उजवीकडे, किंचित वर, तो बारीक ठिपका बघा. बीटा पिक्टोरिस. अंतर ६३ प्रकाशवर्षं, वय सुमारे २ कोटी वर्षं. आपल्या सूर्यापुढे रांगतं पोर. महाराष्ट्रातून तो जेमतेम वीसेक अंश वर येतो. गावात हायमास्ट लागला की तेवढंही गेलं.

[कृष्णधवल चित्र: मध्ये काळं, दोन्ही बाजूंना प्रकाशाची पाती]

१९८४ साली चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेत ब्रॅडफर्ड स्मिथ आणि रिचर्ड टेरिल यांनी ताऱ्याचा झगमगाट झाकला आणि हे दिसलं. धुळीची तबकडी, आपल्याला कडेनं दिसणारी. ही धूळ जन्माच्या वेळची नाही. लघुग्रह, धूमकेतू एकमेकांवर आपटून झालेला हा चुरा.

चुऱ्यात वायूही आहे. कॅल्शियम, सोडियम, कार्बन, ऑक्सिजन. ताऱ्याच्या प्रकाशाच्या रेट्यानं सोडियम तर केव्हाच उडून जायला हवा होता. कार्बनला तो रेटा फारसा लागत नाही आणि इथे कार्बन भरपूर. बाकीच्यांना तोच आवरून धरतो, असा उलगडा आहे.

[चिलीतलं अटाकामा वाळवंट, ५००० मीटर उंची. अँटेना एकदम वळतात]

हे अल्मा, रेडिओ लहरी ऐकणारी दुर्बीण. ६६ अँटेना. त्या चुऱ्यात कार्बन मोनॉक्साइड वायूही आहे. त्याचा प्रत्येक रेणू ठरावीक तरंगलांब्यांवरच बोलतो. इथे ऐकली ती मिलिमीटरहून जराशी कमी. वायू आपल्याकडे येत असेल तर लहर आखडते, दूर जात असेल तर ताणते. तेवढ्यावरून नकाशा उभा राहतो.

[नकाशा, एका बाजूला पिवळाधमक गठ्ठा]

२०१४. वायू सगळीकडे सारखा नाही, एका अंगाला ढीग लागलाय, ताऱ्यापासून सुमारे १३ अब्ज किलोमीटरवर. आणि अतिनील किरण हा रेणू शंभरेक वर्षांत फोडतात. दोन कोटी वर्षांच्या ताऱ्यापाशी शंभर वर्षांचा वायू! म्हणजे रोज नवा येतोय, धूमकेतूंच्या बर्फातून. हिशेब असा निघाला: दर पाच मिनिटांना एक मोठा धूमकेतू पुरता संपतो. चहाला उकळी येईपर्यंत एक.

ढीग तिथेच का? न दिसलेला ग्रह धूमकेतूंना तिथे गोळा करत असेल, किंवा मंगळाएवढे दोन गोळे तिथे आदळले असतील. यातला कार्बन, ऑक्सिजन पुढे तिथल्या ग्रहांच्या वातावरणात जाऊ शकतो.

[पुन्हा पठार, पहाटेआधी]

अगस्त्य अजून क्षितिजावर आहे. बीटा पिक्टोरिस अर्ध्या तासापूर्वीच मावळला.