300 आणि 300ए: फरक फक्त कॅशचा

300 आणि 300ए हे दोन्ही प्रोसेसर इंटेलचे, दोन्ही सेलेरॉन या स्वस्त मालिकेतले, दोन्ही 1998 सालचे आणि दोन्ही 300 मेगाहर्ट्झवरच चालणारे. स्लॉट तोच, बसचा, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या वाटेचा, स्पीडही तोच, 66 मेगाहर्ट्झ. तरी पहिल्याला लोकांनी नावं ठेवली आणि दुसऱ्याच्या मागे अक्षरशः वेडे झाले.

झालं काय, तर स्वस्तातली चिप द्यायची म्हणून पहिल्यातून एल-टू कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी पण वेगवान मेमरी, पार काढूनच टाकलेली. इंटेलच्याच महागड्या पेंटियम टूमध्ये ती 512 केबी असायची, इथे शून्य. मग ऑगस्टमध्ये 300ए आला, त्यात एल-टू फक्त 128 केबी, पण ती थेट प्रोसेसरच्या चिपवरच आणि प्रोसेसरच्या पूर्ण स्पीडने पळणारी, पेंटियम टूची मात्र निम्म्या स्पीडने पळायची. आणि एवढ्याशा 128 केबीने चित्रच पालटलं. बस 100 मेगाहर्ट्झवर नेली की हाच 300ए बऱ्याचदा आरामात 450 ला चालायचा आणि कितीतरी महागड्या पेंटियम टूच्या खांद्याला खांदा लावायचा.

आता जरा आत शिरून बघू. 300 मेगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरचा एक टिक साधारण 3.3 नॅनोसेकंदांचा. रॅमकडे काही मागितलं की ते हातात येईपर्यंत असे पंचवीस-तीस टिक सहज जातात, आणि तेवढा वेळ प्रोसेसर बऱ्याचदा नुसता ताटकळत असतो. म्हणजे पैसे आपण मेगाहर्ट्झचे मोजलेत आणि मिळतंय काय, तर वाट बघणं! फोडणी करताना मोहरी मिसळणाच्या डब्यात हाताशी हवी, प्रत्येक वेळी माळ्यावरची बरणी काढत बसलो तर तेल जळून जाईल, अगदी तसंच हे.

पण 128 केबी पुरतात कसे? कारण प्रोग्रॅम रॅममध्ये कुठेही उड्या मारत नाही, आत्ता जे लागलं तेच थोड्या वेळाने परत लागतं आणि त्याच्या शेजारचंही लागतं. म्हणून कॅश एकटा आकडा उचलतच नाही, अख्खी ओळ उचलते. त्या सेलेरॉनमध्ये ही ओळ 32 बाइटची होती, आजच्या बहुतेक पीसीत 64 ची. आता चार-चार बाइटचे आकडे ओळीने मेमरीत ठेवलेत आणि बेरीज करायची आहे असं समजा, तर पहिल्या आकड्यासाठी रॅमपर्यंत जावं लागेल, पण 64 बाइटच्या ओळीत पुढचे पंधरा आधीच कॅशमध्ये येऊन बसलेले असतात. तोच मोठा तक्ता आडवा वाचायचा सोडून उभा वाचला की जवळजवळ प्रत्येक आकड्याला नवी ओळ आणावी लागते, बेरीज तीच, उत्तर तेच, वेळ मात्र कितीतरी पट. कोडिंग शिकणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी स्वतः चालवून बघावंच.

थोडं गणित. कॅशला 1 नॅनोसेकंद लागतो आणि चुकलं तर रॅमचे आणखी 100, असं धरा. शंभरातल्या 90 वेळा कॅशमध्ये सापडलं तर सरासरी 11 येते, 99 वेळा सापडलं तर 2. वरच्या त्या नऊ टक्क्यांत साडेपाचपट फरक, सगळी झुंज तिथेच चालते.

कल्पना तशी जुनीच. केंब्रिजचे संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी 1965 मध्ये जेमतेम दोन पानांच्या लेखात ती मांडली, आणि 1968 मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम 360 मॉडेल 85 मध्ये ती विकत मिळायला लागली, 16 केबीपासून पुढे.

स्टोरेजमध्ये तर दरी आणखीच मोठी. 7200 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 7200 फेऱ्या मारणाऱ्या, हार्ड डिस्कवर नुसती तबकडी फिरून योग्य जागा हेडखाली यायलाच सरासरी 4 मिलिसेकंदांच्या वर जातात, नॅनोसेकंदांत मोजलं तर चाळीस लाखांच्याही पुढे. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम मोकळ्या रॅममध्ये नुकत्याच वाचलेल्या फाइल्स धरून ठेवते. एखादं मोठं सॉफ्टवेअर बंद करून लगेच परत उघडलं की पटकन उघडतं ते यामुळेच. रॅम भरलेली दिसली म्हणून रॅम रिकामी करणारं क्लीनर अ‍ॅप मारत बसू नका हो, ती जागा लागली की सिस्टिम आपणहून सोडते.

लिहितानाही हेच, फक्त इथे धोका आहे. कॉपी झाली असं दिसतं तेव्हा काही डेटा अजून रॅममध्येच असू शकतो, तेवढ्यात पेन ड्राइव्ह उपटला की फाइल गेली. इजेक्ट करायला सांगतात ते याचसाठी. एसएसडीचंही, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हचंही, तसंच, मोठी फाइल टाकताना सुरुवातीला सुसाट जाते आणि मग मध्येच स्पीड कोसळतो, कारण एका सेलमध्ये (डेटा साठवायच्या छोट्याशा कप्प्यात) एकच बिट लिहिणारा फास्ट भाग भरलेला असतो आणि पुढचं थेट एका सेलमध्ये तीन-चार बिट कोंबणाऱ्या स्लो भागात जायला लागतं. ड्राइव्ह खराब झालेला नसतो, थोडा वेळ मोकळा सोडला की आतल्या आत डेटा सरकवून तो फास्ट भाग परत रिकामा करून घेतो. पण व्हिडिओ एडिटिंगसाठी घेत असाल तर बॉक्सवरचा मोठा आकडा बघू नका, शंभरेक जीबी एका दमात लिहिल्यावर स्पीड किती उरतो ते दाखवणारा रिव्ह्यू शोधा आणि मगच पैसे टाका.