‘माय अंकल इल्युमिनेटेड अ बुक’

श्रोतेहो, नमस्कार.

चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. आठवीतल्या एका मुलाने निबंधात लिहिलं होतं, ‘माय अंकल इल्युमिनेटेड अ बुक.’ त्याच्या काकांनी स्वतः रचलेल्या अहिराणी गाण्यांची पुस्तिका छापून घेतली होती, आणि घरभर त्याचा आनंद होता. मुलाने ‘प्रकाशित करणे’ला इंग्रजी शब्द शोधला, ‘इल्युमिनेट’ सापडला, वाक्य तयार झालं. मी त्यावर लाल रेघ मारली, वर ‘पब्लिश्ड’ लिहिलं आणि पुढची वही ओढली. त्या रेघेची रुखरुख मला अजून आहे. म्हणून आज ‘इल्युमिनेट’ याच क्रियापदाबद्दल बोलणार आहे.

आपल्या ‘प्रकाशित’ या शब्दात दिवाही मावतो आणि पुस्तकही. पुस्तक छापून लोकांपुढे आलं की आपल्या भाषेत ते उजेडात येतं. इंग्रजीतल्या ‘पब्लिश’चं नातं मात्र ‘पब्लिक’शी, म्हणजे लोकांशी. त्यात उजेड कुठेच नाही.

‘इल्युमिनेट’च्या पोटात लॅटिन ‘लुमेन’ आहे. लुमेन म्हणजे उजेड. घरी एलईडी बल्बचं खोकं असेल तर बघा, त्यावर वॅटच्या शेजारी ल्युमेनचा आकडा असतो. वॅट सांगतो बल्ब वीज किती खातो, ल्युमेन सांगतो उजेड किती देतो. नऊ वॅटच्या बल्बवर साधारण आठशे-नऊशेचा आकडा दिसेल. हा ल्युमेन तोच.

आता या क्रियापदाचा स्वभाव. त्याला नेहमी विचारावं लागतं, ‘काय उजळलं?’ ‘द सन शाइन्स’ एवढं म्हणून थांबता येतं. ‘द सन इल्युमिनेट्स’ म्हणून थांबलं की वाक्य अधांतरी राहतं. सूर्याने अंगण उजळलं, डोंगर उजळला, काहीतरी सांगावंच लागतं. आपली मुलं इथे अडखळतात, कारण मराठीतलं ‘उजळणे’ दोन्हीकडे चालतं. चेहरा आपोआप उजळतो, आणि सणाच्या आदल्या दिवशी आई चिंच लावून तांब्या-पितळेची भांडीही उजळते. या भांड्यांसाठी इंग्रजीत ‘शाइन’ चालतं, पण तिथे त्याचा भूतकाळ ‘शाइन्ड’ होतो. सूर्य किंवा दिवा चमकला तर तो ‘शोन’. एकच शब्द, पण चमकणारा आणि चमकवणारा वेगळा ठेवलेला आहे.

‘लाइट’ त्यामानाने मोकळा. दिवा लावायचा तरी ‘लाइट’, खोली उजळायची तरी ‘लाइट’. भूतकाळ ‘लिट’. इल्युमिनेट मात्र दिवा लावण्याच्या कामी येत नाही; लागलेल्या दिव्याने जे दिसू लागतं, त्याच्यासाठी तो आहे. आपल्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाच्या रात्री घराला माळा सोडून आपण रोषणाई करतो, तीही इल्युमिनेटच्या अर्थात येते. आणि संध्याकाळी गल्लीत हाक ऐकू येते, ‘लाईट उनी का व?’, म्हणजे लाईट आली का? ती लाईट म्हणजे वीज. इंग्रज माणूस त्याला ‘पॉवर’ म्हणेल. आपण तो शब्द स्त्रीलिंगी करून घरचा करून टाकला आहे, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. फक्त इंग्रजी पेपरात ‘लाइट इज गॉन’ लिहू नये, एवढंच.

एक चूक मात्र मला फार खुपते. स्नेहसंमेलनात दीपप्रज्वलनाच्या वेळी सूत्रसंचालक पाहुण्यांना विनंती करतात, ‘प्लीज एनलाइटन द लॅम्प.’ एनलाइटन समईला करता येत नाही. ते माणसाला करतात, त्याला काही उमगावं म्हणून. समईसाठी साधं, सुंदर ‘लाइट द लॅम्प’ पुरेसं आहे.

एनलाइटनवरून अजिंठ्याची आठवण होते. जळगावहून तासा-दीड तासाच्या रस्त्यावर ती लेणी आहेत. आतल्या भिंती अंधारात. पूर्वी वाटाडे दाराशी आरसा किंवा पांढरं कापड धरून ऊन आत वळवायचे, आणि पहिल्या लेण्यातलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र हळूहळू दिसू लागायचं. आरशाला स्वतःचा उजेड नाही, पण तो भिंत इल्युमिनेट करतो. वर्गात या शब्दासाठी याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही. चित्रं ज्याची, त्या बुद्धाच्या बोधीला इंग्रजीत ‘एनलाइटनमेंट’ म्हणतात. पण ‘बुध्’ या धातूचा अर्थ जागं होणं. बुद्ध म्हणजे जागा झालेला. आपलं ‘प्रबोधन’ही जागं करणंच आहे. जिथे आपल्या शब्दाने डोळे उघडले, तिथे इंग्रजीने दिवा लावला.

समजावून सांगणं हा इल्युमिनेटचा आणखी एक अर्थ. एखादं भाषण ‘इल्युमिनेटिंग’ होतं, म्हणजे अडलेलं उकललं. आपल्याकडे पाढ्यांची ‘उजळणी’ असते; तोही उजळणेच. शिकणं आणि उजेड यांची गाठ आपणही घातलेली आहे.

आणि आता त्या वहीकडे. युरोपात छपाई नव्हती तेव्हा मठांमधून वासराच्या ताणून वाळवलेल्या कातड्यावर पोथ्या हाताने लिहिल्या जात. पानाचं पहिलं अक्षर मोठं काढून त्यावर सोन्याचा वर्ख चढवत, कडेला वेली, पक्षी, निळा-तांबडा रंग. मेणबत्तीपुढे पान हललं की सोनं चमके. या कामालाही इंग्रजीत ‘इल्युमिनेट’ म्हणतात. म्हणजे पुस्तक इल्युमिनेट करता येतं! हे मला त्या लाल रेघेनंतर कित्येक वर्षांनी कळलं.

त्याचं वाक्य तरीही चुकलेलंच होतं. काकांनी पुस्तिका छापली होती, सोन्याने मढवली नव्हती. पण ती वही आज समोर आली, तर ‘पब्लिश्ड’च्या खाली मी लिहीन: ‘बाळा, तू वापरलास तो शब्द पुस्तकासाठीही आहे. मधल्या सुट्टीत ये, सोन्याच्या अक्षरांची चित्रं दाखवतो. आणि काकांची पुस्तिका घेऊन ये, मला वाचायची आहे.’

नमस्कार.