दावणीतली सरकी आणि फ्रान्समधले उंदीर

नमस्कार श्रोतेहो. धारा उरकल्या असतील. म्हशीपुढं सरकी पेंडीचं घमेलं ठेवता, ती सरकी आज बहुतेक बीटी कपाशीचीच असते. परवानगी मिळाली २००२ साली. तेव्हापासून जनुक बदललेलं पीक जनावरांच्या पोटात जातंय. मग वर्षानुवर्षं खाल्ल्यावर काय होतं, हे तपासतात कसं?

नेहमीची चाचणी ९० दिवसांची. उंदरांना ते धान्य घालायचं, वजन, रक्त, यकृत बघायचं. नव्वदच दिवस.

फ्रान्समधल्या काँ विद्यापीठातले शास्त्रज्ञ सेरालिनी यांना हे पुरेसं वाटेना. त्यांनी २०० उंदीर दोन वर्षं सांभाळले, काहींना एनके-६०३ हा जीएम, म्हणजे जनुक बदललेला, मका घातला. सप्टेंबर २०१२ मध्ये निबंध आला: हा मका खाणाऱ्या उंदरांना जास्त गाठी येतात. आता गंमत ऐका. पत्रकारांना तो आधी वाचायला मिळाला, पण अटीवर: दुसऱ्या शास्त्रज्ञाचं मत घ्यायचं नाही, तशी सही करा! त्यामुळं पहिल्या दिवशी जगभर झळकले ते अंगावर मोठाल्या गाठी आलेल्या उंदरांचे फोटो. प्रश्न नंतर आले. उंदीर कुठल्या जातीचे? स्प्रॅग-डॉली. या जातीला म्हातारपणी एरवीही गाठी येतातच. बरं, एका गटात किती? दहा नर, दहा माद्या. साधा मका खाणारेही तेवढेच. कर्करोगाच्या चाचणीला पन्नास-पन्नास लागतात. दहात तिघांना गाठ आली काय न् पाचांना काय, मक्यानं की नशिबानं, कोण सांगणार? नियतकालिकानं २०१३ मध्ये निबंध मागे घेतला, पुढच्या वर्षी दुसऱ्यानं छापला! फोटो मात्र अजून फिरतायत.

मग युरोपीय संघानं पैसा घातला. पुन्हा दोन वर्षं, पण गटात पन्नास नर, पन्नास माद्या. पन्नास, दहा नव्हे. २०१९ मध्ये निष्कर्ष छापला: या मक्यानं अपाय दिसला नाही.

अर्थात तो मका, आपली सरकी. ते उंदीर, आपली म्हैस. तिच्यावर इतकी लांब चाचणी व्हावी, असं माझं मत. तोवर एक करा. सरकीत, बीटी असो वा देशी, गॉसिपॉल नावाचं विष मुळातच असतं. मोठ्या जनावराचं पोट ते बऱ्यापैकी पचवतं, दूधपित्या वासराचं नाही. वासराला सरकी पेंड घालू नका.