मेडन मुंबईत

[दृश्य : कॅसेटचा खोका]

या कॅसेटवरचं चित्र आधी नीट बघा. पिरॅमिडपुढे फॅरो होऊन बसलाय तो एडी, ब्रिटिश हेवी मेटल बँड आयर्न मेडनचं शुभंकर पात्र. चित्रकार डेरेक रिग्ज. अल्बम ‘पॉवरस्लेव्ह’, साल १९८४. आमच्यापर्यंत आयर्न मेडन पोचलं ते असं, या हातातून त्या हातात. चित्रातली कोपऱ्यातली अक्षरंसुद्धा पाठ होती आणि बास गिटारवादक स्टीव्ह हॅरिसच्या बासचा प्रत्येक सूर ओळखू यायचा. तो वाजवणारा माणूस मात्र कधी समोर येईल, असं वाटलं नव्हतं.

[दृश्य : काळा घोडा, बंद शटर]

हे ऱ्हिदम हाउस, कॅसेट-रेकॉर्डचं दुकान. २०१६मध्ये बंद झालं.

[दृश्य : धोबीतलाव, रंगभवनचं फाटक]

आणि हे रंगभवन, खुलं नाट्यगृह. इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव १९८६ साली सुरू झाला आणि त्याचं नाव कायमचं जोडलं गेलं ते या जागेशी. इथे मुंबईची पोरं मेडनची गाणी वाजवायची, आणि खाली बसलेल्यांना शब्द न् शब्द यायचा. पुढे शांतता क्षेत्राचे नियम आले, शेजारी कॉलेज आणि हॉस्पिटल, आणि गिटारी थांबल्या. नियमाबद्दल तक्रार नाही. पण एवढ्या मोठ्या शहराने रंगभवनच्या तोडीची दुसरी खुली जागा उभी केली नाही, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

१७ मार्च २००७ला मेडन पहिल्यांदा भारतात आले, बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर. मुंबईहून माणसं उद्यान एक्सप्रेसने गेली, रात्र-दिवस प्रवास करून.

[दृश्य : बोइंग ७५७, शेपटीवर एडी]

मग वर्षभराच्या आत हे विमान. एड फोर्स वन. मागच्या आसनांच्या जागी सामानाचे कप्पे केले, त्यांत सुमारे १२ टन माल : ड्रम, अॅम्प्लिफायर, पडदे. पुढे बँड आणि कामाची माणसं. आणि कॉकपिटमध्ये ब्रूस डिकिन्सन. बँडचा गायकच विमानाचा कॅप्टन. जहाजाने सामान पाठवायचं तर आठवडे जातात, म्हणून लांबचे देश दौऱ्यातून गळतात. सगळं एकाच विमानात घातल्यामुळे भारत, ऑस्ट्रेलिया, जपान, अमेरिका अशी सलग फेरी जमली. तिची सुरुवात मुंबईतून झाली. लंडन नाही, लॉस एंजेलिस नाही. मुंबई.

[दृश्य : वांद्रे-कुर्ला संकुल, संध्याकाळ, काळे टी-शर्ट]

शुक्रवार, १ फेब्रुवारी २००८.

[दृश्य : दिवे जातात. चर्चिलचा आवाज. तीन सेकंद निवेदन नाही.]

चर्चिलचं १९४०चं भाषण, आणि त्याला लागून ‘एसेस हाय’. लढाऊ वैमानिकांचं गाणं, आणि गाणारा स्वतः वैमानिक.

आता मागचा पडदा बघा. कॅसेटवरचं तेच इजिप्त, या वेळी मंचभर.

[दृश्य : हॅरिसचा उजवा हात, जवळून]

इथे कॅमेरा थांबलाय ते बरं झालं. तारा छेडायची पट्टी, म्हणजे प्लेक्ट्रम, नाही, नुसती बोटं. याला मेडनचे चाहते ‘गॅलप’ म्हणतात, दौडत्या घोड्याच्या टापांसारखी चाल. वर्षानुवर्षं आम्ही ती टेपवर ऐकली, वहीवर बोटांनी वाजवून पाहिली, आणि एवढा वेग दोन-तीन बोटांत कसा मावतो ते कोडं राहिलं. ते इथे उलगडतं. मनगट जवळजवळ हलतच नाही. मागे ड्रमवर निको मॅकब्रेन, अनवाणी. बेस ड्रमला एकच पेडल. ज्या ठोक्यांसाठी बाकीचे ड्रमर दोन पेडल घेतात, ते त्याचा एक पाय काढतो. डावी-उजवीकडे तीन गिटार : मरे, स्मिथ, गर्स.

[दृश्य : ‘एन्शंट मरिनर’, मधला संथ भाग]

इंग्रज कवी कोलरिजच्या कवितेवरचं हे गाणं तेरा मिनिटांच्या वर जातं. मैदानात एवढं लांब गाणं घेणं धाडसाचंच. पण मधल्या शांत भागात कुणी बोलत नाही, हे दृश्यातच दिसतंय.

[दृश्य : ‘फिअर ऑफ द डार्क’, गर्दीचे हात]

गिटारची धून लोक गातायत. शब्द नसलेली धून. कुणी शिकवली नव्हती.

[दृश्य : ड्रममागून वर येणारा एडीचा महाकाय ममी]

आणि हा, कॅसेटवरचा.

[दृश्य : कुर्ला स्टेशन, रात्र]

गाडीत सगळ्यांचे घसे बसलेले होते, आणि दारात उभ्या असलेल्या पोरांत वाद चालला होता की सर्वोत्तम वाजलं काय. मत विचाराल तर ‘मरिनर’. त्या गर्दीतल्या काहींनी पुढे स्वतःचे बँड काढले. २००९ला मेडन पुन्हा आले ते बेंगळुरूत. निकोला २०२३मध्ये पक्षाघाताचा झटका आला, तरी तो परत ड्रमवर बसला आणि वाजवू लागला. ७ डिसेंबर २०२४ला साओ पाउलोत दौऱ्यांमधून निवृत्त झाला. २०२५मध्ये बँड पन्नाशीच्या दौऱ्यावर निघाला, ड्रमवर सायमन डॉसन. हॅरिस तसाच, मंचावरच्या स्पीकरवर पाय ठेवून, बास गर्दीकडे रोखून.