फोटोत नसलेली मुलगी

लॉस एंजेलिस, १९५५. टेनिस क्लबात ज्युनियर खेळाडूंचा एकत्र फोटो काढायचाय. अकरा वर्षांच्या एका मुलीला मात्र बाजूला व्हायला सांगितलं जातं. कारण? पोरीने स्कर्ट नाही, आईने शिवलेली शॉर्ट घातलीय.

बिली जीन मॉफिट. पुढची बिली जीन किंग.

वडील लाँग बीचच्या अग्निशमन दलात. घरात वेड बेसबॉलचं. पण मुलीला बेसबॉलमध्ये पुढे वाटच नव्हती. धाकटा भाऊ रँडी त्या वाटेने गेला, ही टेनिसकडे वळली. एकेरी-दुहेरी मिळून ३९ ग्रँड स्लॅम, त्यातली २० एकट्या विम्बल्डनची. १९७३ मध्ये माजी पुरुष विजेता बॉबी रिग्जला हरवलेली मॅच सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे आपण थांबत नाही.

थांबू पुढच्या वर्षी. तिचे तेव्हाचे पती लॅरी किंग आणि त्यांच्या साथीदारांनी लीग काढली: वर्ल्ड टीम टेनिस. एकाच संघात पुरुष आणि बायका. प्रत्येक सेटमधले गेम मोजायचे, त्यांची बेरीज म्हणजे संघाचा स्कोअर. म्हणजे बाईने जिंकलेला गेम आणि पुरुषाने जिंकलेला गेम, दोन्हींचं मोल सारखंच. एरवी टेनिसमध्ये पॉइंट चालू असताना खोकायचीही चोरी. इथे प्रेक्षकांनी खुशाल आरडाओरडा करावा!

लीगमधल्या फिलाडेल्फिया फ्रीडम्स संघाची बिली जीन खेळाडू, आणि प्रशिक्षकही. व्यावसायिक पुरुष खेळाडूंना एक बाई कोचिंग करतेय, तेही १९७४ साली. संघाने ४४ पैकी ३९ लढती जिंकल्या. आणि अंतिम फेरीत डेन्व्हरकडून हरला.

लीग १९७८ नंतर बंद पडली, १९८१ मध्ये पुन्हा उभी राहिली. २०१७ मध्ये बिली जीनने लीगमधला मोठा हिस्सा विकला. फ्रीडम्स मात्र स्वतःकडे ठेवला. धंद्याचा हिशेब असेलही, पण मला त्यात जीव अडकलेला दिसतो.

मग २०१८. बिली जीन आणि तिची जोडीदार, दक्षिण आफ्रिकेची माजी टेनिसपटू इलाना क्लॉस, दोघी एका बेसबॉल संघाच्या मालकांत सामील झाल्या. वाटा छोटा, पण संघ लॉस एंजेलिस डॉजर्स. दोनच वर्षांत डॉजर्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलचं विजेतेपद, जिंकली.

आणि भाऊ रँडी? तो खरंच व्यावसायिक बेसबॉलपटू झाला होता. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. १९७२ ते १९८१, सलग दहा हंगाम सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून खेळला.

डॉजर्सचे हाडवैरी.